श्वसनसंसर्गी साथी व वृद्धसंरक्षण, सोलापुरातील

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणुजन्य साथींपासून साठ वर्षे व त्यांपुढील वयाच्या व्यक्तींचा बचाव व्हावा म्हणून कुटुंब, समाज आणि शासन यांनी योजिलेल्या उपायांना प्रस्तुत नोंदीत ‘वृद्धसंरक्षण’ अशी संज्ञा वापरली आहे. सोलापूर शहर व जिल्हा यांना विसाव्या व एकविसाव्या शतकांत अशा दोन मोठ्या साथींचा तडाखा बसला : पहिली १९१८ मधील इन्फ्ल्यूएंझाची व दुसरी २०२० पासूनची कोविड–१९ ची. दोन्ही साथींचा मार्ग एकच, म्हणजे श्वासाचा. तथापि पहिल्या साथीत प्रामुख्याने कर्ती पिढी मृत्युमुखी पडली, तर दुसरीत वृद्धांची जीवितहानी विशेष झाली. या दोन अनुभवांची तुलना केल्यास असे दिसून येते की, वृद्धांचा बचाव हा केवळ वृद्धांनी पाळावयाच्या पथ्यांचा प्रश्न नसून, त्यांच्या भोवतीच्या माणसांची राहणी, रोजगार व आरोग्य यांच्याशी तो निगडित आहे.

पार्श्वभूमी : सोलापूर हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शहर असून १८६० मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे पोहोचल्यानंतर त्याची व्यापारी वाढ झपाट्याने झाली. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली व पुढे इतरही गिरण्या निघाल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हातमागाचा व नंतर यंत्रमागाचा धंदा वाढविला. या समाजातील व अन्य श्रमिक कुटुंबांतील स्त्रियांनी विडी वळण्याचे काम पत्करले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या, तरी यंत्रमाग व विडी हे धंदे टिकून राहिले. विडी कामगारांची संख्या साठ ते सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते व त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती.

या धंद्यांचा वृद्धांच्या फुप्फुसांशी थेट संबंध आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्याने छातीत आवळल्यासारखे होणे, धाप लागणे व चिवट खोकला ही लक्षणे उद्‌भवतात. तंबाखूच्या भुकटीत रोज अनेक तास बसणाऱ्या स्त्रियांत दमा व जीर्ण श्वासनलिकाशोथ हे विकार आढळतात. पूर्वी अनेक घरांत चुलीचा धूर या त्रासात भर घालीत असे. परिणामी, गिरणीतून वा विडीच्या कामातून निवृत्त झालेली व्यक्ती साथीला सामोरी जाते, तेव्हा तिची फुप्फुसे आधीच दुबळी झालेली असण्याचा संभव असतो.

१९१८ ची साथ : पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात इन्फ्ल्यूएंझाची साथ समुद्रमार्गे मुंबईस आली. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर काम करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले व त्यानंतर थोड्याच दिवसांत हा आजार शहरभर पसरला. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट मात्र अत्यंत घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोहमार्गाने व घरी परतणाऱ्या सैनिकांबरोबर साथ आतल्या भागात शिरली. मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सु. सव्वा कोटी व त्याहूनही अधिक असे आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा ०·३१ टक्क्याने घटल्याचे आढळले, त्याचे प्रमुख कारण हीच साथ होय.

महाराष्ट्रात लोकांनी या आजारास ‘मानमोडी’ असे नाव दिले. तीव्र अंगदुखी व मान ताठ न राहण्याइतका थकवा या लक्षणांचे ते यथार्थ वर्णन आहे. १९१८ मध्येच पाऊस अपुरा झाला. दख्खनमधील कोरडवाहू जिल्ह्यांत पिके बुडाली, धान्याचे भाव चढले आणि चारा मिळेनासा झाला. अर्धपोटी माणसांवर साथीचा आघात अधिक तीव्र झाला. बरेच डॉक्टर युद्धसेवेत असल्याने खेड्यापाड्यांत वैद्यकीय मदत जवळजवळ नव्हतीच. गर्दी टाळावी, शक्यतो उघड्या हवेत निजावे, गुळण्या कराव्यात, अशा स्वरूपाच्या सूचना देण्यापलीकडे शासनयंत्रणेच्या हाती फारसे काही नव्हते. इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू मानवापासून वेगळा करण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९३३ मध्ये. १९१८ मध्ये रोगाचे खरे कारणही ज्ञात नव्हते, मग लस कोठून असणार?

या साथीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिने वीस ते चाळीस वयोगटातील माणसे मोठ्या संख्येने नेली. एरवी इन्फ्ल्यूएंझाचे बळी मुख्यतः लहान मुले व वृद्ध असतात. १९१८ मध्ये मात्र वृद्ध तुलनेने बचावले. त्यांच्या बालपणी वा तारुण्यात येऊन गेलेल्या तत्सम विषाणूंमुळे त्यांच्या शरीरात काही प्रतिरक्षा शिल्लक राहिली असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक प्रमाणात झाले. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे असणे व त्यांचे पोषण निकृष्ट असणे ही त्याची कारणे मानतात. मात्र वृद्ध बचावले म्हणजे ते सुरक्षित राहिले, असा अर्थ होत नाही. मिळवता मुलगा व घर सांभाळणारी सून दोघेही गेल्यावर मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुष्काळाच्या वर्षी स्वतःचे व पोरक्या नातवंडांचे पोट भरणे भाग होते. वृद्धांचे रक्षण घरातील कर्त्या माणसांच्या आरोग्यावर अवलंबून असते, हा या साथीचा पहिला धडा होय.

मधल्या काळातील साथी : १९५७ व १९६८ मध्ये इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथी आल्या. त्यांत वृद्धांचे व हृदयविकार वा श्वसनविकार असलेल्यांचे मृत्यू पुन्हा अधिक झाले. २००९ मधील ‘स्वाइन फ्लू’च्या साथीत भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. या विषाणूचे १९१८ च्या विषाणूशी दूरचे नाते होते. त्याच्या वंशातील विषाणूंचा पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या वयस्क व्यक्तींना त्याची बाधा तुलनेने कमी झाली. सारांश, वय हा एकमेव निकष नसून, त्या वयाच्या माणसाला पूर्वी कोणत्या विषाणूची ओळख झाली आहे, हेही महत्त्वाचे ठरते. २०२० मधील विषाणू मात्र सर्वच वयोगटांना अपरिचित होता. प्रतिरक्षेची कोणतीही पूर्वतयारी नसलेली वृद्ध शरीरे त्यास सर्वांत आधी बळी पडली.

वार्धक्यातील धोक्याची कारणे : वाढत्या वयाबरोबर शरीराची प्रतिरक्षायंत्रणा मंदावते, नव्या विषाणूला ओळखून त्यास तोंड देण्यास तिला अधिक वेळ लागतो. श्वसनमार्गातील श्लेष्मा बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म केसलांची गती कमी होते, खोकल्याचा जोर ओसरतो व बरगड्यांचा पिंजरा ताठर बनतो. मधुमेह, रक्तदाबवाढ, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांपैकी एखादा आजार बहुधा जडलेला असतो. यांशिवाय लक्षणे फसवी असतात. तरुणाला सडकून ताप येतो, तर वृद्धाला तो येतोच असे नाही. जेवण नकोसे वाटणे, गुंगी, बोलण्यात विसंगती, अचानक तोल जाऊन पडणे एवढीच चिन्हे दिसतात व ती ‘वयोमानामुळे’ असे समजून दुर्लक्षिली जातात. कोविड–१९ मध्ये रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरूनही काही रुग्णांना धाप जाणवत नसे, त्यामुळे उपचारांस विलंब होई.

कोविड–१९ : महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच महिन्यात राज्य शासनाने १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. सोलापूर शहरातील पहिल्या रुग्णाची नोंद १२ एप्रिल रोजी झाली. रुग्णाच्या मृत्यूनंतर तपासणीचा निष्कर्ष हाती आला. त्यानंतर दाट वस्तीच्या पेठांतून व पूर्व भागातून साथ पसरत गेली. उपचारांचा मुख्य भार डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयावर पडला. पहिल्या काही महिन्यांत शहरातील मृत्यूंचे प्रमाण चिंताजनक होते. रुग्ण उशिरा दाखल होणे व त्यांना आधीचे जुनाट आजार असणे, ही कारणे त्यावेळी पुढे आली. देशपातळीवर ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार मृतांपैकी ५३ टक्के साठ वर्षांवरील व ३५ टक्के पंचेचाळीस ते साठ या वयोगटातील होते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्तींचे लोकसंख्येतील प्रमाण सु. ८·६ टक्के होते, हे लक्षात घेता या आकड्यांचे गांभीर्य कळते.

पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक कारणाखेरीज घराबाहेर पडू नये, अशी शासकीय सूचना होती. स्वतंत्र खोली, घरपोच किराणा व नियमित निवृत्तिवेतन असलेल्या कुटुंबास ती पाळणे शक्य होते. सोलापूरच्या श्रमिक वस्त्यांत परिस्थिती निराळी होती. एक वा दोन खोल्यांच्या घरात आजी, मुलगा, सून व नातवंडे राहतात. काही घरांत तेथेच माग चालतो वा विड्या वळल्या जातात. सून विड्या देऊन पान-तंबाखू आणण्यास कारखान्यात जाई, मुलगा मागावर जाई आणि नातवंडांना आजी सांभाळी. अशा घरात वृद्धेने उंबरठा न ओलांडला तरी विषाणू तिच्यापर्यंत पोहोचण्यास वाटा अनेक होत्या. काम बंद ठेवावे, तर हजारी मजुरीवर चालणारी चूल विझत होती. खुद्द वृद्धांपैकी अनेकजण स्वतःच कमावते होते. श्रावणबाळ योजनेसारख्या साहाय्याची रक्कम काढण्यासाठीही बँकेच्या रांगेत उभे राहणे अनेकांना चुकत नव्हते.

भाषेचा प्रश्नही लहान नव्हता. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे मोठ्या संख्येने आहेत. पूर्व भागातील वयस्क स्त्रियांना तेलुगूच जवळची वाटते. त्यांच्यासाठी छापील मराठी पत्रकापेक्षा ओळखीच्या आशा कार्यकर्तीने घरी येऊन स्वभाषेत सांगितलेले चार शब्द अधिक उपयुक्त असतात. मुखपट्टीमुळे ओठांची हालचाल दिसत नाही व आवाजही दबतो, त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांशी सावकाश व स्पष्ट बोलणे आवश्यक ठरते.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविण्यात आली. घरोघर जाऊन तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणे आणि जोखमीचे आजार असलेल्या व्यक्तींची नोंद घेणे, हे तिचे स्वरूप होते. ‘वृद्धाने रुग्णालय गाठावे’ याऐवजी ‘तपासणीने वृद्धापर्यंत जावे’ ही दिशा या मोहिमेने घेतली. मार्च ते मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत तरुण व मध्यमवयीन रुग्णही मोठ्या संख्येने गंभीर आजारी झाले आणि प्राणवायू व खाटा यांची टंचाई भासली. याच काळात जिल्ह्यातील दोन गावांचे प्रयत्न राज्यभर ज्ञात झाले. मोहोळ तालुक्यातील घाटणे गावचे सरपंच ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातील अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांचा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ३० मे २०२१ च्या भाषणात हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर गौरवाने उल्लेख केला. त्यानंतर शासनाने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. लहान गावात प्रत्येक घर परस्परांस ठाऊक असते. कोणत्या घरी एकटी म्हातारी आहे व कोणाला दमा आहे, हे शोधावे लागत नाही. शहरी वस्तीत हीच माहिती मुद्दाम गोळा करावी लागते.

वारी व यात्रा : पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात असल्याने आषाढी वारीचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा होता. वारकऱ्यांत वृद्ध स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे असते. २०२० मध्ये पायी सोहळा रद्द करून संतांच्या पादुका राज्य परिवहन मंडळाच्या गाड्यांतून ३० जून रोजी पंढरपुरास नेण्यात आल्या व १ जुलैची एकादशी मोजक्या व्यक्तींच्या उपस्थितीत पार पडली. २०२१ मध्येही असेच निर्बंध राहिले; पायी वारी २०२२ मध्ये पूर्ववत झाली. जानेवारी २०२१ मधील सोलापूरची सिद्धेश्वर यात्राही मर्यादित स्वरूपात पार पडली. वर्षानुवर्षे चालत आलेल्या वृद्ध वारकऱ्याला वारी चुकणे ही जिव्हारी लागणारी गोष्ट असते. तरीही वारकरी संप्रदायाने हा निर्णय मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. सामुदायिक संयमाचे हे उदाहरण उल्लेखनीय होय.

लसीकरण : १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरणास प्रारंभ झाला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना व पंचेचाळिशीपुढील जुनाट आजार असलेल्यांना, तर १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. प्रारंभी वापरल्या गेलेल्या दोन्ही लशींशी पुण्याचा संबंध आहे : एकीचे उत्पादन तेथील सीरम इन्स्टिट्यूटने केले व दुसरीसाठी लागणारा विषाणू राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केला. भ्रमणध्वनीवरून करावयाची नोंदणी अनेक वृद्धांना अवघड गेली. तेथे मुले, शेजारी व स्वयंसेवक यांचे साहाय्य उपयोगी पडले. १० जानेवारी २०२२ पासून जुनाट आजार असलेल्या साठीपुढील व्यक्तींना खबरदारीची मात्रा देण्यात येऊ लागली. लस संसर्ग पूर्णपणे रोखत नसली, तरी गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण तिने पुष्कळ घटविले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही.

संरक्षणाचे उपाय : वरील अनुभवांवरून पुढील उपाय परिणामकारक ठरतात. (१) हवा : विषाणू बोलताना, खोकताना व श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून बंद जागेत साठून राहतो. यामुळे समोरासमोरची खिडकी व दार उघडे ठेवणे, वृद्धांचे अंथरूण वारा खेळणाऱ्या बाजूस घालणे व हवामान अनुकूल असल्यास अंगणात वा गच्चीवर बसविणे हितावह असते. १९१८ मधील उघड्या हवेत निजण्याचा सल्ला आजच्या ज्ञानाच्या कसोटीसही उतरतो. (२) मुखपट्टी : घरात कोणास सर्दी-खोकला झाल्यास मुखपट्टी प्रथम त्याने लावावी व वृद्धांजवळ जाणे शक्य तितके कमी करावे. (३) शुश्रूषा : वृद्धाची देखभाल शक्यतो एकाच निरोगी व्यक्तीकडे असावी. खोली एकच असल्यास निजण्याच्या जागांत अंतर ठेवावे. (४) निरीक्षण : साथीच्या काळात दिवसातून दोनदा तापमान व प्राणवायूचे प्रमाण पाहावे. प्रमाण ९४ टक्क्यांहून खाली गेल्यास, किंवा जेवण सुटणे, गुंगी वा गोंधळलेपण आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. (५) नेहमीची औषधे : मधुमेह, रक्तदाब व दमा यांची औषधे खंडित होऊ देऊ नयेत, महिनाभराचा साठा घरी असावा. (६) लस : वैद्यकीय सल्ल्याने दरवर्षीची इन्फ्ल्यूएंझाची व फुप्फुसशोथावरील लस घ्यावी. (७) सोबत : एकांतवास लांबल्यास वृद्धांत खिन्नता येते, आहार व हालचाल मंदावते. दूरध्वनीवरून विचारपूस, ठरावीक वेळी उंबरठ्यापासून केलेली बातचीत व घरातल्या घरात चालणे यांमुळे ती टळते.

मूल्यमापन : १९१८ मध्ये वैद्यकाजवळ साधने नव्हती, २०२० नंतर लस, प्राणवायू व तपासणी ही साधने होती, परंतु ती वृद्धापर्यंत पोहोचविणारी माणसे व ती पाळता येतील अशी घरे यांची उणीव जाणवली. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर विडी कामगार गृहप्रकल्पासारख्या (२००६) योजना एरवी निवाऱ्याच्या म्हणून ओळखल्या जातात; हवेशीर घर हेच साथीतील पहिले संरक्षण असल्याने त्यांना आरोग्ययोजनाही म्हणता येईल. तसेच आजारी पडलेल्या मजुरास रोजंदारी न गमावता घरी राहता आले, तर त्याच्या घरातील वृद्धास होणारा संसर्ग टळू शकतो. पुढील साथ कोणत्या वयोगटावर आघात करील, हे आधी सांगता येत नाही. मात्र वस्तीनिहाय वृद्धांची व त्यांच्या आजारांची नोंद, त्यांच्या भाषेत बोलणारी आरोग्यसेविका, नियमित लसीकरण आणि कर्त्या माणसाच्या रोजगाराचे संरक्षण ही तयारी शांततेच्या काळातच करावयाची असते. तिचा उपयोग साथ नसतानाही प्रत्येक हिवाळ्यात होतो.